तीन कंपन्या आणि एक मुख्य दार

माझ्या हातून आयुष्यात एकदाच अख्खी गल्ली जागी झाली, आणि तीही आई तुळजाभवानी निद्रेत असताना. तुळजापुरात राहून असं करणाऱ्या बाईबद्दल लोक काय बोलत असतील ते मला माहीत आहे, कारण त्यातलं निम्मं ते माझ्यासमोरच बोलले. म्हणून म्हटलं, एकदा सगळं क्रमानं लिहून काढावं. अर्थात क्रम मलाही अजून नीट लागलेला नाही.

सुरुवात माझ्या नेमापासून करावी लागेल. पहाटे उठल्यापासून पूजा आटोपून, पोथीचा एक अध्याय मनातल्या मनात वाचून पोथी पेटीत ठेवेपर्यंत मी बोलत नाही. फारच गरज पडली तर देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला पाटी टांगलेली असते, तिच्यावर लिहिते. ‘दूध उतू’, ‘मोटार बंद करा’, एवढंच. यंदाच्या दसऱ्याला या नेमाला बारा वर्षं पूर्ण व्हायची होती. गेल्या नवरात्रात सातव्या माळेला उपासानं मला घेरी आली आणि मी भिंतीला टेकून तासभर तशीच बसून राहिले. मौन असल्यामुळं हाक मारता येईना. आमचे हे दोनदा डोकावले आणि दोन्ही वेळा चवड्यांवर परत गेले. नंतर म्हणाले, "मला वाटलं, तंद्री लागली. मधे कशाला बोलायचं?"

ही गोष्ट आमच्या लेकीला, वैदेहीला, यंदा गौरी जेवायला आल्या त्या दिवशी कळली. म्हणजे यांनीच कौतुकानं सांगितली. वैदेही पुण्याला असते. ती पुरणपोळी अर्धी टाकून म्हणाली, "म्हणजे आई पडली तरी हाक मारणार नाही, आणि बाबांनी बघितलं तरी त्यांना कळणार नाही. छान!" आणि तिनं अट घातली. घटस्थापनेच्या आत घरात अशी सोय झाली पाहिजे, की आई कशी आहे ते तिला पुण्यात बसून कळेल. नाही झाली, तर ती आणि जावई शंतनूराव गाडी घेऊन येणार आणि यंदाचे घट पुण्यात बसणार.

पुण्यात घट! तिचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. तिथं जरा धूर झाला की छतातून पाणी पडतं म्हणे. तिथं नऊ दिवस अखंड नंदादीप कसा ठेवायचा, आणि वरून पाणी पडलं तर ते घटाला घातलेलं समजायचं का, हे मला कुणी सांगितलं नाही. मी हळूच म्हटलं, "इथंच करू काहीतरी." हे म्हणाले, "करू म्हणजे काय, करतोच. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत आस्थापना सांभाळली. चार यंत्रं सांभाळता येत नाहीत का?"

वैदेहीनं एक बोलका स्पीकर आणि चार दिवे पाठवले. ती एक कंपनी. यांनी सोलापूरहून स्वस्तात टाकीच्या मोटारीला लावायचा मोबाइलवर चालणारा प्लग आणि दाराला लावायचा सेन्सर आणला. सेन्सर म्हणजे दोन इवलेसे तुकडे. ते एकमेकांपासून लांब गेले की भोंगा वाजतो. ती दुसरी कंपनी. आणि शेजारचे महांतप्पा काका, नळदुर्गचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यांनी आपल्या द्राक्षबागेतला जुना कॅमेरा आणून दिला. ती तिसरी. कॅमेऱ्यासमोर कुणी गेलं की तो हिंदीत म्हणायचा, "सावधान! आप कॅमरे की नजर में हैं।" मी आरतीचं तबक घेऊन गेले तरी सावधान, तुळशीला पाणी घालून आले तरी सावधान. बागेत त्यानं कितीक चोर पळवले असतील, ते पुण्य मोठंच. पण स्वतःच्या घरात दिवसातून चाळीस वेळा असं ऐकून माणसाला आपणच काहीतरी केलंय असं वाटायला लागतं.

तिन्ही कंपन्यांचं एकमेकींशी बोलणं नव्हतं. एका घरात तीन जावांच्या तीन चुली असाव्यात तसं. एकीचं ॲप दुसरीला ओळखेना, तिसरीचा पासवर्ड पहिलीला चालेना. यांनी तिन्ही पासवर्ड एका वहीत लिहिले, वहीला जावक क्रमांक दिला आणि ती वही कुलपात ठेवली.

स्पीकरमधल्या बाईला नावानं हाक मारावी लागते. ते नाव इथं लिहीत नाही; कुणी मोठ्यानं वाचलं तर उगाच तुमच्या घरातली जागी व्हायची. परक्या बाईला नुसत्या नावानं कशी हाक मारणार? म्हणून मी म्हटलं, "अहो बाई, जरा दिवा लावता का?" ती गप्प. नाव घेतलं, तर म्हणाली, "माफ करा, मला ऐकू आलं नाही." पाच वेळा माफी मागितली बिचारीनं. हे म्हणाले, "अगं, जोरात बोल!" आता कसं सांगू? लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई चारचौघींत म्हणाल्या होत्या, सूनबाईचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही. चौतीस वर्षं मी ते सर्टिफिकेट सांभाळलं होतं. ते एका डबीपुढं नापास झालं.

तेवढ्यात सिताबाई दुधाची किटली घेऊन फाटकात आल्या. सिताबाई मूळच्या बेंबळीच्या, राहतात मागच्या गल्लीत, दोन म्हशी बाळगून आहेत. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय.

"वैनी, काय करायलाव? त्या डबीला काय सांगताव?"

"दिवा लाव म्हणून सांगतेय."

"मंग असं व्हय!" म्हणाल्या, फाटकातूनच तिचं नाव पुकारलं आणि, "लाव की गं दिवा! येवढी इनवनी करायल्यात बाई!"

चारही दिवे एकदम लागले. दिवा लागला की मी हात जोडते, तेव्हा मी हात जोडले. सिताबाईंना गंमत वाटली, त्यांनी ते विझवून परत लावले. त्या दिवशी अकरा वेळा दिवे लागले आणि मी अकरा वेळा हात जोडले. डबी माझ्या घरातली, दिवे माझ्या घरातले, आणि हुकूम मात्र सिताबाईंचा.

मला एक साधी शंका होती. घेरी आली तर ती पहाटे येणार. पहाटे मी बोलत नाही. आणि डबी बोलल्याशिवाय काही करत नाही. मग या सगळ्याचा उपयोग काय? मी यांना विचारलं. हे चष्मा पुसत म्हणाले, "मुद्दा योग्य आहे. त्याचा विचार पुढच्या टप्प्यात."

पुढचा टप्पा महांतप्पा काकांनी सुचवला. "अक्का, तीन कंपन्या एकत्र चालवायच्या तर मधे एक पेटी लागते. हब म्हणतात. ती तिघींचंबी ऐकते."

"घरात असं कुणीतरी असतंच," मी म्हटलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

हब मागवायचं तर ऑनलाइन फॉर्म भरायचा. त्यात जिल्ह्याचं नाव यादीतून निवडायचं होतं, आणि यादीत अजून जुनंच नाव होतं, उस्मानाबाद. हे अडून बसले. "राजपत्रात धाराशिव झालंय. मी आस्थापनेतला माणूस. रद्द झालेलं नाव माझ्या हातानं लिहू?" मी म्हटलं, पिशवी आपल्या दारात आल्याशी कारण. पण हे नाही म्हणजे नाही. शेवटी जुनं नाव निवडलं आणि पत्त्याच्या रकान्यात कंसात ‘सुधारित नाव धाराशिव, कृपया नोंद घ्यावी’ असं टाइप केलं. नोंद कुणीतरी घेतली असावी, कारण पार्सल तुळजापूरला येण्याऐवजी आधी धाराशिवला गेलं, तिथून ‘पत्ता संशयास्पद’ म्हणून पुण्याला परत गेलं, आणि पुन्हा आलं तेव्हा भाद्रपदातली वद्य अष्टमी उजाडली होती. म्हणजे देवी निद्रेला गेली होती.

बाहेरच्यांसाठी सांगते. नवरात्राआधी देवी पलंगावर निद्रा घेते आणि ते दिवस आमच्याकडं गादी-पलंग सोडतात. ती युद्धाआधीची विश्रांती घेत असताना आपण गादीवर कसं लोळायचं? म्हणून जमिनीवर सतरंजी. आमच्या गल्लीत त्या दिवसांत टीव्हीचा आवाजही कमी करतात. सिताबाईसुद्धा म्हशीला खालच्या आवाजात शिव्या देतात.

हब आलं तरी जोडलं जाईना. मोबाइलवर रोज सकाळी तिन्ही कंपन्या ‘ऑफलाइन’. हेल्पलाइनवाला रोज नवा, आणि रोज पहिल्यापासून सुरुवात. "सर, तुमचं वायफाय दोन पॉइंट चारचं आहे की पाचचं?" हे म्हणायचे, "नऊशे नव्व्याण्णवचं आहे, सहा महिन्यांचं." चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की हे रात्री झोपण्याआधी सवयीनं घरभर फिरून प्रत्येक बटण बंद करतात. दिव्यांची, हबचं आणि त्या वायफायच्या डब्याचंसुद्धा. "वीज वाया का घालवायची?" मी सगळ्या बटणांवर हळदीकुंकू लावलं. कुंकू लावलेल्या वस्तूला हे हात लावत नाहीत. त्या दिवसापासून कंपन्या ऑनलाइन राहू लागल्या.

राहिला दाराचा सेन्सर. त्या दिवशी सकाळी हे बाजारात गेले होते, माझी पोथी झाली होती, आणि नेमका हेल्पलाइनचा फोन आला. शिवप्रिया नावाची मुलगी होती, फार गोड बोलत होती. तिला माझा आवाज ऐकू येत होता, एवढ्यानंच मला भरून आलं.

"मॅडम, सेन्सर मुख्य दाराला लावायचा बरं का."

"मुख्य म्हणजे कोणतं हो? आम्हाला पुढचं आहे, मागचं आहे, माडीचं आहे."

"सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी जे दार उघडता ना, आणि रात्री सगळ्यात शेवटी जे बंद करता, ते."

हे ऐकून शंकेला जागाच राहिली नाही. मी सेन्सरचे दोन्ही तुकडे पुसले आणि देव्हाऱ्याच्या दाराला चिकटवले. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी मी देव्हाराच उघडते. रात्री सगळ्यात शेवटी देव्हाराच बंद करते. बाकीची दारं हे बघतात. शिवप्रियानं तिथून बटणं दाबली, हब हिरवं झालं, आणि ती म्हणाली, "अभिनंदन मॅडम, तुमच्या सगळ्या वस्तू आता एकत्र काम करतील. रात्री दहा ते सकाळी सहा पहारा चालू राहील." मी तिला अखंड सौभाग्यवती भव म्हटलं. लग्न झालंय की नाही, ते विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी आंघोळ करून आले, हात जोडले आणि देव्हारा उघडला.

मग काय झालं ते मला एका दमात सांगता येणार नाही, कारण ते सगळं एका दमात झालं. भोंगा वाजायला लागला. चारही दिवे लालभडक होऊन उघडझाप करू लागले. डबीतली बाई खणखणीत आवाजात, "मुख्य दार उघडले आहे, मुख्य दार उघडले आहे!" कॅमेरा ओरडला, "सावधान!" आणि मागच्या अंगणात मोटार सुरू झाली. तीन कंपन्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते कशावर, तर घरात चोर शिरलाय आणि तो मी आहे.

ओरडले असते तर डबी तरी थांबली असती. पण मौन! अकरा वर्षं आणि साडेअकरा महिने झालेले. मी पाटी काढली, मोठ्या अक्षरात ‘थांब’ लिहिलं आणि डबीपुढं धरली. काय करणार, त्या क्षणी जे सुचलं ते केलं.

हे सतरंजीवर झोपलेले. गुडघ्यांमुळं जमिनीवरून उठायला यांना तीन टप्पे लागतात. दुसऱ्या टप्प्यात असतानाच ओरडले, "अगं, काय केलंस? बोल की!" मी पाटी दाखवली. चष्मा नव्हता. तेवढ्यात कॅमेऱ्यातून पुण्याहून वैदेहीचा आवाज, "आई! काय झालं? आई, बोल! बोलली नाहीस तर मी ॲम्ब्युलन्स पाठवते!" मी पाटी पुसून ‘मी ठीक’ लिहायला गेले, तर पेन्सिल पडली.

अंगणातून महांतप्पा काका कंदिलाएवढी बॅटरी घेऊन आले. "अक्का, हात लावू नका! मी मेन उडवतो!" मागून सिताबाई, त्यांच्यामागं निम्मी गल्ली. सिताबाईंनी दारातूनच डबीला नाव घेऊन, "गप बस की गं सटवे! आई झोपलीय!" असं दटावलं. डबी लगेच गप्प. दिवेही विझले. भोंगा मात्र त्यांचा मिंधा नव्हता. टाकी भरून पाणी पन्हाळीतून गल्लीत धो धो पडत होतं, त्यात भिजत महांतप्पा काका मेन शोधत होते.

मला काही सुचेना म्हणून मी देव्हारा लावून घेतला.

एकदम शांत.

मी परत उघडला. भोंगा. लावला. शांत. तिसऱ्यांदा उघडणार तोच सिताबाईंनी माझा हात धरला. डोळे पाणावले होते त्यांचे. "वैनी, नगा. आईच म्हनायलीय, आत्ता उठवू नगा. लई तरास झालाय तिला."

बायकांनी तिथंच हात जोडले. हे म्हणत होते, "ही तांत्रिक बाब आहे." पण यांचं कुणी ऐकलं नाही. कुणीतरी देव्हाऱ्यापुढं नारळही ठेवला. मी पाटी छातीशी धरून एक तास उभी राहिले. सहाला पहारा संपला. मी भीत भीत दार उघडलं. काही झालं नाही. मौनाची बारा वर्षं कशी जातात ते मला माहीत आहे. तो एक तास कसा गेला ते मात्र विचारू नका.

पूजा केली, अध्याय वाचला, पोथी पेटीत ठेवली. वळून बघते तर अजून नऊ-दहा माणसं ओसरीवर बसून माझ्या पहिल्या शब्दाची वाट बघताहेत. मी म्हटलं, "चहा ठेवते."

"काय म्हनाल्या?" मागच्यांनी विचारलं.

खरा घाव नंतर बसला. वैदेहीचा फोन आला. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "एक मात्र बरं झालं. देव्हारा उघडला की माझ्या मोबाइलवर निरोप येतो. रात्री बंद झाला की येतो. भोंगा काढून टाका, मला तेवढं पुरे." मला हायसं वाटणार, तोच आठवलं. नवरात्रात देव्हारा नऊ दिवस लावायचाच नसतो. आत नंदादीप असतो. मी खरं ते सांगितलं.

मग वैदेही म्हणाली, "म्हणजे ज्या नऊ दिवसांची काळजी, तेच नऊ दिवस मला काही कळणार नाही. आई, बॅग भर. अमावस्येला आम्ही येतो."

यांनी हेल्पलाइनला सविस्तर अर्ज लिहायला घेतला. महांतप्पा काकांनी मोबाइलवरून पहारा बंद केला, भोंग्याची बॅटरी काढून खिशात टाकली आणि चौथ्या कंपनीचं नाव सुचवलं. मी संध्याकाळी दोन साड्या बॅगेत ठेवल्या. तिसरी ठेवताना वाटलं, अकराव्या मजल्यावर जोगवा मागायला कुणाच्या दारात उभं राहायचं? आणि साडी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजा झाल्यावर मी पोथीची पेटी पुढं ओढली. सागवानी आहे, झाकणाला बिजागरी. झाकण उघडायला हात घातला आणि तसाच राहिला. देव्हारा काय, एकदा उघडला की नवरात्रात उघडाच. पण ही पेटी रोज उघडते आणि रोज मिटते. वाचायला बसले की उघडते. वाचून, नीट, शुद्धीवर असले तरच मिटते. गेल्या वर्षी सातव्या माळेला ती तासभर उघडीच राहिली होती.

मी उठले. उलथन्यानं देव्हाऱ्याच्या दारावरचे दोन्ही तुकडे हलकेच सोडवले, पुसले, आणि एक पेटीच्या झाकणाला, एक कडेला चिकटवला. एक शब्द बोलले नाही. मग पेटी उघडली, अध्याय वाचला, पेटी मिटली.

मिटल्याबरोबर फोन वाजला. "आई, पाच वाजून चाळीसला मुख्य दार उघडलं आणि सहा पन्नासला लागलं. काय केलंस काय?"

मी सांगितलं. तिनं मला तीनदा सांगायला लावलं. कदाचित आवाज लहान पडला असेल. मग म्हणाली, "साडेसातपर्यंत पेटी मिटली नाही, तर मी सिताबाईंना फोन करणार. चालेल?"

"चालेल. त्यांचा आवाज मला ऐकू येतो."

"बॅग भरलीस?"

"दोनच साड्या ठेवल्यात."

"काढ त्या," वैदेही म्हणाली.

घट आमच्या देव्हाऱ्यातच बसले. सातव्या माळेला पेटी मिटायला सात पस्तीस झाले. घेरी नव्हती, अध्यायच मोठा होता. पण सिताबाई धावत आल्या, मला बघून नुसत्याच उंबऱ्यावर बसल्या आणि अध्याय संपेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. असं गल्लीत पहिल्यांदाच घडलं म्हणतात. दसऱ्याला माझी बारा वर्षं पूर्ण झाली. दिव्यांना आता भिंतीवरचं बटण आहे, कॅमेरा बागेत परत गेला. डबीतली बाई आहे. तिला धूळ बसू नये म्हणून मी क्रोशाचा रुमाल घातलाय.

एकच राहिलं. वैदेहीच्या मोबाइलवर अजूनही रोज पहाटे ‘मुख्य दार उघडले’ असाच निरोप जातो. यांना ते खटकतं; नोंद चुकीची आहे म्हणतात, ‘पोथीची पेटी’ अशी दुरुस्ती व्हायला पाहिजे. कुलपातली वही काढून रोज तासभर बसतात, पण नाव कुठं बदलायचं ते यांना सापडत नाही.

मला काल सापडलं. मी काही बोलले नाही.